ताकदीच्या गोळ्या

सोमवार, सात तारीख

आणि वर तुला वेळ नाही म्हणे. दारोदार हिंडून परक्यांच्या पोरांना लस टोचायला वेळ आहे, कुणाची बाळंतीण नीट जेवते का, कुणाच्या म्हाताऱ्याने शुगरची गोळी घेतली का, हे बघायला वेळ आहे, आणि सख्ख्या बहिणीचा फोन आला की बाईसाहेब मीटिंगमध्ये. मी काय तुझी किडनी मागायला फोन करते?

म्हणून हे पत्र. फोन कापता येतो. पत्र फाडायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं. मी चौथीपर्यंत शिकलेय आणि तू नर्सिंग केलंयस, तेव्हा माझ्या चुका काढत बसू नकोस. लॉन्ड्रीत दुपारची सुट्टी असते तेव्हा चादरींच्या टेबलावर बसून लिहितेय. इस्त्रीचा डाग पडला असेल तर तोही माझाच.

धाकटे, माझ्या सुनेला टीबी निघाला आहे.

आता तुला वाटेल, एवढंच ना, गोळ्या खाल्ल्या की बरं होतं. मलाही तेच सांगितलं. आमच्याकडे तुझ्यासारखीच एक नर्स येते. खांद्याला बाळं तोलायचा काटा लटकलेला असतो म्हणून सगळे तिला वजनवाली म्हणतात. नातीचं वजन करायला आली होती. पोरीला झोळीत घातलं, काटा वाचला, आणि सुनेकडे बघत राहिली. म्हणाली, "पोरीचं वजन बरोबर आहे. आईचं कुठे गेलं?"

आम्हाला रोज दिसत असून दिसलं नव्हतं. दूध पाजते म्हणून वाळली असेल, खोकला हवेचा असेल. खाली टायरचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या, रबराच्या वासाने कुणीही खोकेल. वजनवालीने ऐकून घेतलं आणि पिशवीतून डबी काढली. सकाळी उठल्या उठल्या चूळ भरायची, खोल खोकायचं, थुंकी नको, छातीतला बेडका हवा. दोन वेळा नेली. दोन्ही वेळा निघाला.

तेव्हापासून ती येते ती काटा घेऊनच येते. नातीला तोलायची गरज नसते, तरी खुंटीला लटकवते. आजूबाजूच्यांना वाटावं, पोर बारीक आहे म्हणून येते. आपल्या गणवेशाकडे बघून लोक दुसऱ्याच्या घराचा अंदाज बांधतात, हे तिला ठाऊक आहे. तूही असंच काही करत असशील. बरं करतेस.

तरी बातमी फुटायची ती फुटलीच. कशी फुटली कोण जाणे. आमच्या जिन्यात आवाज फार घुमतो. मी फक्त एवढंच विचारलं होतं, की तुझ्या माहेरी कुणी खोकतं का. विचारायला काय हरकत आहे. जिन्यात विचारलं, हे खरं.

आता माझा पोरगा आईच्या म्हणजे आपल्या आईच्या खोलीत नातीला घेऊन झोपतो. सुनेचं ताट वेगळं, पेला वेगळा. वजनवाली ताट बघून माझ्यावर चिडली. म्हणाली, भांडी वेगळी करून जंतू थांबत नसतात, खिडकी उघडा. गंजलेली कडी तिने स्वतःच्या कात्रीने उचकटली. त्या खिडकीतून आता टायरवाल्याच्या शिव्या आत येतात आणि जंतू बाहेर जातात म्हणे.

तू ये. गणवेश घालून ये. पोराला चार शब्द सांग, की सुनेने काही पाप केलेलं नाही. वजनवालीचं तो ऐकत नाही, माझं तर त्याने कधी ऐकलंच नाही. मावशीचं ऐकेल. लहानपणापासून तुझंच ऐकत आला आहे.

आई बरी आहे. खोकते. तू म्हणाली होतीस तसा तिचा जुना दमा आहे.

थोरली


शुक्रवार, अकरा तारीख

तू आली नाहीसच, पण बरं झालं आली नाहीस. आज समोर असतीस तर काय बोलले असते मला सांगता येत नाही.

एकाला निघाला की घरातल्या सगळ्यांना तपासतात. तुला मी काय सांगणार. माझा बेडका चांगला, पोराचा चांगला. नातीला निघाला नाही, पण लहान आहे म्हणून तिला खबरदारीच्या गोळ्या चालू केल्या. आईचा निघाला.

वजनवाली आज आईच्या गोळ्या घेऊन आली. आई खाटेवर बसलेली, मी पाण्याचा पेला घेऊन उभी. वजनवालीने पाकिटातून गोळ्या हातावर काढल्या आणि आईने तोंड फिरवलं.

"ह्या नकोत मला," आई म्हणाली. "ह्यांनी लघवी लाल होते."

वजनवालीचा हात तसाच राहिला. एवढ्या बायकांशी बोलते ती, तिचा आवाज कधी चढत नाही, पण तो आणखी खाली आला. "आजी, कधी घेतल्या होत्या ह्या?"

"धाकटीकडे होते तेव्हा. ताकदीच्या गोळ्या. मग मला बरं वाटलं, टाकून दिल्या."

म्हातारी सहज बोलून गेली, कालच्या जेवणाबद्दल बोलावं तसं. वजनवालीने विचारलं, धाकटी काय करते? मी म्हटलं, तुम्ही करता तेच.

तिला वाईट वाटलं असावं. तुझ्यासाठी वाटलं असावं, माझ्यासाठी नव्हे. तुमच्यात एकमेकींसाठी असतं तसं काहीतरी. गोळ्या दिल्याच नाहीत तिने, परत पिशवीत घातल्या. आईचा बेडका मोठ्या लॅबला पाठवते म्हणाली, सुनेचाही. मग जाता जाता मला दारात गाठून समजावलं. अर्धवट मार खाल्लेलं पोर जसं कोडगं होतं, तसे हे जंतू अर्धवट औषधाने कोडगे होतात. मग साध्या गोळ्यांना भीक घालत नाहीत. आईचे जंतू कोडगे झाले असतील आणि तेच सुनेच्या छातीत गेले असतील, तर सून रोज गिळते त्या गोळ्या फुकट. म्हणून वजनवालीला तीन गोष्टी कळायला हव्यात. आईला नेमक्या कुठल्या गोळ्या दिल्या, किती दिवस दिल्या, आणि का थांबल्या.

मी तुझ्याकडे राहायला आले होते ते आठवतं? तुझ्यामागून तुझ्या भागात फिरले होते. तू एका थोराड रिक्षावाल्याला समोर उभं करून गोळ्या गिळायला लावल्यास. मग म्हणालीस, तोंड उघडा, जीभ वर करा. तो बिचारा लहान पोरासारखा जीभ वर करून उभा राहिला. मला हसू येत होतं आणि छाती पण फुगत होती, की ही माझी बहीण. नंतर मी विचारलं होतं, एवढा अविश्वास कशाला? तू म्हणालीस, "ताई, बरं वाटलं की माणूस गोळी सोडतो आणि मग दुसऱ्याला मारतो."

आईची जीभ वर करायला लावली नाहीस का गं?

लावली नसशील. तिला आजाराचं नावच सांगितलं नाहीस, तर जीभ वर कशाला करेल ती? ताकदीची गोळी म्हणे. ताकदीची गोळी कुणीही सोडून देईल.

मी तेव्हापासून विचार करतेय, तू असं का केलंस. तुला वरच्या जागेवर घेणार होते, त्याच वर्षी. तुझ्या भागातले लोक म्हणाले असते, नर्सच्याच घरात टीबी, हिच्या हातून पोराला लस कशी द्यायची. दारं बंद झाली असती तोंडावर. मला ते कळतं. मी जिन्यात राहते, मला लोक कळतात. आई हट्टी आहे तेही कळतं. तू रोज दुसऱ्यांशी डोकं फोडून घरी यायचीस, आणि घरी तीच. पण ती ऐकत नाही म्हटल्यावर तू तिला गाडीत बसवून माझ्याकडे पाठवलंस. हवापालट म्हणालीस. रबराच्या दुकानावर हवापालट.

आणि माझी सून महिनोन्‌महिने तिचं सगळं करत राहिली. तिला अंघोळ घातली, तिची पिकदाणी धुतली. तेव्हा आपल्या आईला मांडी देऊन बसायची ती, पोटची पोर बाजूला ठेवून. आणि आम्ही तिच्या माहेरी कोण खोकतं ते विचारत होतो.

गोळ्या तू कुठून आणल्यास, कुणाच्या नावावर आणल्यास, ते मी विचारत नाही. ते विचारायला तुझे साहेब आहेत. मला ते तीन जबाब दे. फोन कर, नाहीतर लिही. पण लवकर.

थोरली


बुधवार, सोळा तारीख

जबाब आला तुझा. पोराच्या फोनवर. "आईचं वय झालं आहे. तिला काही आठवत नाही. विषय वाढवू नकोस."

विषय मी वाढवतेय. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आणि आईला फोन केलास. मी कामावर असताना. माझ्यासाठी तुझ्याकडे फोन नव्हता, आईचं तोंड बंद करायला होता. मी घरी आले तेव्हा आईला विचारलं, वजनवालीसमोर परत नीट सांगशील ना? तर म्हणाली, मला काही आठवत नाही. शब्द तुझेच. मी म्हटलं, परवा तर आठवत होतं. तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तिची नोकरी जाईल. तुझं काय जाणार आहे?"

असं आहे बघ. माझं काय जाणार आहे. तू शाळेत गेलीस तेव्हा माझं काय गेलं, मी तशीही अभ्यासात ढच होते. तुझी फी, तुझे कपडे, तुझी नोकरी. झाकली मूठ तुझी. माझी मूठ कधी कुणी झाकलीच नाही, त्यात आहे काय झाकायला.

वजनवाली परत आली, आईपुढे खाली बसली, अर्धा तास बसली असेल. आजी, कुणावर काही येणार नाही, मला फक्त औषध ठरवायचं आहे. आईने भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. मग वजनवालीने मला सांगितलं, मी ऐकलं ते डॉक्टरांना सांगितलंय, पण म्हातारीच्या एका वाक्यावर डॉक्टर काय ठरवणार? लॅबचा जबाब यायचा आहे. त्यातून जंतू कळेल. आधी कुणाला झाला ते लॅब सांगत नाही.

आणि इथे सगळं त्यावरच अडलंय. काल सुनेचा बाप आला होता. गवंडी आहे, कमी बोलणारा माणूस. पाणीसुद्धा घेतलं नाही. घरातल्या सगळ्यांचे एक्स-रे काढून आणले होते त्याने. स्वतःचा, बायकोचा, दोन्ही मुलांचा. एकेक काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, "आमच्या घरात कुणी खोकत नाही. आता तुम्ही सांगा, तुमच्या घरात कोण खोकतं?"

तेवढ्यात आतून आई खोकली. ठरवून खोकली असती तर इतकं नेमकं जमलं नसतं.

मी तोंड उघडायच्या आत माझा पोरगा बोलला. म्हणाला, आजीला हिच्यापासून झाला. म्हणजे हिने रोग आणला आणि वर म्हातारीलाही दिला. सून तिथेच खिडकीशी उभी होती, मास्क लावून. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मग मी सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं की आईला आधीपासून होता, माझ्या बहिणीने तिला घरीच गोळ्या दिल्या होत्या. पोरगा माझ्यावर ओरडला. "मावशी असं करणार नाही. तुला ती पहिल्यापासून डोळ्यात खुपते." आणि गवंडी शांतपणे म्हणाला, परवापर्यंत माझ्या घरावर ढकलत होता, आज बहिणीवर ढकलता, उद्या कुणावर? एक्स-रे गोळा केले आणि म्हणाला, रविवारी टेम्पो घेऊन येतो, मुलीला नेतो. माझा पोरगा म्हणाला, न्या, पण पोर इथेच राहील.

वजनवालीला कळल्यावर ती धावत आली. गवंड्याशी फोनवर बोलली. लॅबचा जबाब येईपर्यंत नेऊ नका, न्यायचंच असेल तर तिथल्या नर्सला मी आधी कळवते, एकही दिवस गोळी चुकली तर सगळं पाण्यात. तो म्हणाला, बाई, तुमचं काम तुम्ही चांगलं करता, पण ह्या घरात माझी मुलगी बरी होणार नाही. तुमच्या शिक्षणात ह्याच्यावर काही शिकवत नसतील.

लिही. माझ्यासाठी नको लिहूस. पण लिही.

थोरली


गुरुवार, सतरा तारीख

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. खालचा टायरवाला उद्या माल आणायला तुझ्या बाजूला येतोय, त्याच्या हाती देते. त्याला सांगितलंय, दवाखान्यात जायचं आणि तिच्या हातात द्यायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही. तो शिवराळ आहे, पण सांगितलेलं काम करतो. तू वाचेपर्यंत तो तिथून हलणार नाही. तुझ्या बाकीच्या बायकांसमोर उभा राहील, त्याला मी काही करू शकत नाही.

आज सून मला नातीचं शिकवत होती. म्हणजे मी आई नव्हतेच कधी, अशा थाटात. गोळी चमच्यात पाण्याने विरघळवायची. दुधाच्या आधी दिली तर ओकते, दुधानंतर थोडं थांबून द्यायची. झोपताना कानाची पाळी हातात लागते तिला, दुसऱ्याची चालते. खिडकीशी लांब उभी राहून सांगत होती आणि कपड्यांच्या घड्या घालत होती. अर्ध्या घड्या पोरीच्या गाठोड्यात, अर्ध्या स्वतःच्या. पोर तिच्याकडे जायला रडत होती आणि मी धरून ठेवलं होतं. वजनवाली म्हणते, मास्क लावून घेऊ शकते ती जवळ. पण माझ्या पोराने मनाई केलीय, आणि सून त्याच्याशी भांडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

मी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तुझ्या गोळ्या, आईचं बोलणं, आईचं विसरणं. ती घड्या घालत राहिली. शेवटी म्हणाली, "मग हे जिन्यात सांगा ना."

सांगितलं मी. आत्ताच, हे लिहायला बसण्याआधी. प्रत्येक मजल्यावर थांबून सांगितलं. वरची एक बाई तोंडावर हात ठेवून हसली. दुसरी म्हणाली, अहो, सून चालली म्हणून आता म्हाताऱ्या आईला तरी सोडा. कुणी म्हणजे कुणीही मानलं नाही. पहिल्या वेळी मात्र एका झटक्यात मानलं होतं सगळ्यांनी.

तेव्हा आता मी तुला धमकी देत नाही. तुझ्या साहेबांना लिहिणार होते, तुला भीती वाटावी म्हणून. लिहिणार नाही. साहेबांना कळून माझी सून थांबत नाही. तू सांगितलंस तरच थांबेल, तुझ्या तोंडून, पोरासमोर आणि तिच्या बापासमोर. वजनवालीने सांगितलं तर ती परकी, मी सांगितलं तर मी खोटारडी. तुझं ऐकतील, कारण तू तुझ्याच विरुद्ध बोलत असशील.

नोकरी गेली तर जाऊ दे असं मी म्हणणार नाही. नोकरी जाणं काय असतं ते मला माहीत आहे. तू चांगली नर्स आहेस, तेही मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या रिक्षावाल्यासारखे किती जण तुझ्यामुळे उभे असतील. पण त्यांच्या जिवावर तू माझ्या सुनेचं घर मोडू शकत नाहीस. असा हिशेब नसतो. आणि असलाच, तर तो तू एकटीने बसून करायचा नाहीस, ती खिडकीशी उभी असताना.

शनिवारी दुपारी वजनवाली येणार आहे. तिच्याआधी तू आलेली हवीस. येता येत नसेल तर टायरवाल्याच्या हातीच लिहून पाठव. कुठल्या गोळ्या, किती दिवस, का थांबल्या. आणि खाली एक ओळ, की आजार आधी आईला होता आणि तुला माहीत होतं. सही कर. नर्सची सही करतेस तशी, पूर्ण.

आईला मी अजून काही बोललेले नाही. तिला तू येणार हे कळलं तर केस विंचरून बसेल.

नाही म्हणायचं असेल तर 'नाही' असं लिहून पाठव, म्हणजे रविवारी टेम्पो आला की मी तो कागद सुनेच्या हातात देईन आणि तिला म्हणेन, जा बाई, इथे खरं बोलणारं कुणी नाही. पण गप्प बसायचं नाही. शनिवार. दुपारच्या आत.

थोरली